पाण्याकाठी ज्येष्ठांची वसाहत उभारताना: अमेरिकेतले व्हेरिअन्स आणि परवाने, अगदी पहिल्यापासून

अमेरिकेत समुद्र, खाडी किंवा मोठ्या तळ्याच्या काठी ज्येष्ठांसाठी घरं बांधायचं मनात घेतलं की बहुतेक जण जागेपासून सुरुवात करतात. जागा आवडते, भाव ठरतो, आर्किटेक्ट देखणं चित्र काढून देतो आणि मग कुणीतरी सांगतं, "एवढ्या उंचीला इथे परवानगी नाही, पण व्हेरिअन्स मागता येईल." नवख्या माणसाची फसगत इथेच होते. व्हेरिअन्स म्हणजे झोनिंगच्या, अर्थात कुठल्या जमिनीवर काय आणि केवढं बांधायचं याच्या, नियमातून मिळणारी सूट, हे खरं. पण हेतू चांगला आहे, ज्येष्ठांची सोय होणार आहे, एवढ्यावर ती मिळत नाही. त्या विशिष्ट जमिनीतच अशी काही अडचण असावी लागते, की नियम जसाच्या तसा लावला तर मालकाला तिचा वाजवी उपयोगच करता येणार नाही. अडचण जमिनीची हवी, प्रकल्पाची नव्हे. ही गोष्ट सुरुवातीलाच पक्की असली तर पुढचे बरेच पैसे आणि महिने वाचतात.

नेमकं काय बांधणार, ते आधी ठरवा

"सीनियर हाउसिंग" हा बोलण्यातला शब्द. झोनिंगच्या नियमावलीत त्याचे तीन-चार वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकाला वेगळा नियम लागतो. स्वतंत्रपणे राहणाऱ्यांसाठी ५५ वर्षांवरच्यांची अपार्टमेंट्स बहुतेक ठिकाणी साध्या बहुकुटुंबी इमारतीत मोडतात. असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे अंघोळ, औषधं, जेवण यांत मदत मिळते ती जागा, कधी निवासी तर कधी संस्था म्हणून धरली जाते. नर्सिंग होम आरोग्यसेवेत जातं. आणि हे सगळं एकाच आवारात असलं तर नियमावलीत त्यासाठी वेगळं कलम आहे का, ते शोधावं लागतं. म्हणून नियमावली हातात आली की आधी व्याख्यांचं प्रकरण वाचा. परवानगी असलेल्या वापरांचा तक्ता त्यानंतर. एका व्याख्येमुळे प्रकल्प "परवानगी आहे" मधून "परवानगी नाही" मध्ये जाऊ शकतो.

वयाची अट घालणार असाल तर केंद्राचा कायदाही बघावा लागतो. १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये १९८८ साली दुरुस्ती झाली आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबांना घर नाकारणं बेकायदा ठरलं. ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून ठरावीक अटींवरच सूट आहे. एक तर सगळे रहिवासी ६२ किंवा त्याहून मोठे हवेत. नाहीतर १९९५ च्या कायद्याप्रमाणे, वस्ती असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत निदान एक जण ५५ किंवा त्याहून मोठा हवा, तसं धोरण लेखी जाहीर केलेलं हवं आणि वयाची पडताळणी नियमित व्हायला हवी. हे कागद पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. व्हेरिअन्सच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या झोनिंग बोर्डापुढे "आमच्याकडे शाळेत जाणारी मुलं नसतील, गाड्या कमी असतील" असं म्हणायचं असेल, तर त्यामागे ही अट कायद्याने टिकणारी असावी लागते.

असिस्टेड लिव्हिंग आणि नर्सिंग होमला राज्याचं लायसन्सही लागतं. काही राज्यांत नर्सिंग होमसाठी त्याआधी "इथे याची गरज आहे" असा राज्याचा दाखलाही मिळवावा लागतो. झोनिंगच्या परवानगीने यातलं काहीच मिळत नाही.

पाण्याची रेषा कुठे आहे?

किनाऱ्याचे नियम ज्या रेषेपासून मोजतात ती नकाशावरून अंदाजाने धरू नका. वॉशिंग्टन राज्यात ती "ऑर्डिनरी हाय वॉटर मार्क", म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या वावराने काठावर उमटलेली खूण. ती ठरवायला जाणकार प्रत्यक्ष काठावर जातो. खाऱ्या पाण्यात तगणारं गवत कुठे संपतं, जमिनीवरची झुडपं कुठून सुरू होतात, दगडांवरचे शेवाळाचे आणि शिंपल्यांचे थर कुठवर आहेत, वाहून आलेल्या ओंडक्यांची रांग कुठे पडली आहे, हे सगळं बघून तो ठरावीक अंतरावर रंगीत फितींच्या काठ्या रोवत जातो. मग सर्व्हेअर त्या काठ्या मोजून नकाशावर उतरवतो. या क्रमाने काम झालं असेल तर पुढे कुणी आक्षेप घेतला तरी उत्तर देता येतं. कॅलिफोर्नियात भरतीच्या सरासरी रेषेला, समुद्रकिनाऱ्याच्या आतल्या टोकाला आणि कड्याच्या समुद्राकडच्या माथ्याला महत्त्व आहे.

त्या रेषेपासून कायद्याचा हात कुठवर पोचतो, ते राज्यागणिक बदलतं. वॉशिंग्टनमध्ये १९७१ च्या शोरलाइन मॅनेजमेंट अ‍ॅक्टखाली साधारणपणे २०० फूट. मेनमध्ये मोठी तळी, नद्या आणि समुद्रकाठच्या पाणथळ जागांपासून २५० फूट. विस्कॉन्सिनमध्ये तळ्यापासून १,००० फूट आणि नदीपासून ३०० फूट. मेरीलंडमध्ये चेसापीक उपसागराभोवती १,००० फुटांचा पट्टा आणि त्यात पाण्यालगत १०० फुटांचा राखीव बफर. यात नवशिक्यांची एक गल्लत नेहमी होते: अधिकारक्षेत्र वेगळं आणि बांधकामबंदीचा सेटबॅक, म्हणजे रेषेपासून मोकळं सोडायचं अंतर, वेगळा. विस्कॉन्सिनच्या १,००० फुटांत बांधायला बंदी नाही. तिथे किनाऱ्याचे नियम लागू होतात, एवढंच. सर्वसाधारण सेटबॅक ७५ फुटांचा आहे.

पुराचा नकाशा, आणि जीव

पुढचं काम म्हणजे फेमाचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, पूरनकाशा काढून बघणं. दर वर्षी पूर येण्याची शक्यता १ टक्का असलेला भाग ए किंवा व्ही या अक्षरांनी दाखवतात. व्ही म्हणजे जिथे पाण्याबरोबर लाटांचाही मारा होतो. तिथे इमारत खांबांवर उभी करावी लागते, आणि तिच्या सगळ्यात खालच्या आडव्या तुळईचा तळ पुराच्या ठरवलेल्या पातळीच्या खाली चालत नाही. भराव टाकून त्यावर इमारत टेकवता येत नाही. खालच्या मोकळ्या जागेत पार्किंग, जिना आणि सामान, इतकंच. तरुण कुटुंबाच्या सुटीच्या घराला हे जमून जातं. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाचं अख्खं आयुष्य मात्र लिफ्टवर अवलंबून राहतं, आणि वादळात वीज जाते तेव्हा लिफ्टही बंद पडते.

२००५ च्या कॅटरिना वादळात लुइझियानातल्या सेंट बर्नार्ड पॅरिशमधल्या एका नर्सिंग होममध्ये ३५ जण बुडून मेले. त्यांना आधी हलवलं गेलं नव्हतं. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्या एका नर्सिंग होमचं एअर कंडिशनिंग बंद पडलं आणि उष्म्याने १२ जणांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने अशा संस्थांना पर्यायी विजेची सोय सक्तीची केली. हे इथे सांगतो, कारण परवान्यांच्या धावपळीत हा विषय "नंतर बघू" च्या यादीत ढकलला जातो. रहिवाशांना बाहेर कसं काढणार, किती गाड्या लागतील, एकुलता रस्ता पाण्याखाली गेला तर काय, याचं उत्तर जागा विकत घेण्याआधी मिळालं पाहिजे. ते मिळत नसेल तर ती जागा सोडून द्यावी, मग दृश्य कितीही सुंदर असो.

आणखी दोन गोष्टी इथेच तपासा. १९८२ च्या कोस्टल बॅरियर रिसोर्सेस अ‍ॅक्टखाली काही वाळूची बेटं आणि दांडे आखून ठेवलेले आहेत. तिथल्या नव्या बांधकामाला केंद्र सरकारचा पूरविमा मिळत नाही. आणि पूरनियमांतूनही व्हेरिअन्स मिळतो, म्हणून कुणी इमारत पातळीखाली बांधायचं सुचवलं तर सावध व्हा. असा व्हेरिअन्स देताना गावाला अर्जदाराला लेखी कळवावं लागतं, की विम्याचा हप्ता दर १०० डॉलरच्या संरक्षणामागे २५ डॉलरपर्यंत चढू शकतो. परवानगी मिळाली तरी पाणी आपली पातळी बदलत नाही.

कुठले परवाने, कुणाकडून

अर्ज करण्याआधी गावाच्या किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) प्लॅनिंग खात्यात अर्जपूर्व बैठक मागा. साधा नकाशा, खोल्यांची संख्या, उंचीचा अंदाज आणि रेषेचा सर्व्हे एवढं घेऊन गेलं तरी पुरतं. तिथून यादी लेखी घ्या. साधारणपणे त्यात हे निघतं: स्थानिक झोनिंगची मंजुरी, किनाऱ्याचा परवाना, पर्यावरणाचा आढावा, बांधकामाचा परवाना. एक एकर किंवा जास्त माती उकरणार असाल तर पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा परवाना. पाण्यात धक्का किंवा बंधारा असेल तर १८९९ च्या रिव्हर्स अँड हार्बर्स अ‍ॅक्टखाली, आणि केंद्राच्या कक्षेतल्या पाणथळ जागेत भराव असेल तर क्लीन वॉटर अ‍ॅक्टखाली, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाची परवानगी. केंद्राचा असा परवाना लागला की १९७२ च्या किनारा व्यवस्थापन कायद्यामुळे "हा प्रकल्प आमच्या किनारा धोरणाला धरून आहे" अशी राज्याची संमतीही लागते.

म्हणूनच माझा पहिला सल्ला: पाण्यात आणि पाणथळ जागेत पाऊल टाकू नका. ज्येष्ठांच्या वसाहतीला स्वतःचा धक्का लागत नाही. तो वगळला की परवान्यांची एक अख्खी फांदी गळून पडते.

किनाऱ्याचा परवाना कोण देतं, यातही फरक आहे. वॉशिंग्टनमध्ये प्रत्येक गावाचा किंवा काउंटीचा शोरलाइन मास्टर प्रोग्रॅम, म्हणजे किनाऱ्याचा आराखडा आणि नियम, असतो आणि नेहमीचा परवाना स्थानिक पातळीवर मिळतो. पण किनाऱ्याचा व्हेरिअन्स किंवा कंडिशनल यूज परमिट (ठरावीक वापराला अटींवर मिळणारी परवानगी) असेल तर स्थानिक मंजुरीनंतर राज्याच्या इकॉलॉजी खात्याचाही होकार लागतो. कॅलिफोर्नियात १९७६ च्या कोस्टल अ‍ॅक्टखाली गावाचा किनारा आराखडा प्रमाणित झालेला असेल तर गाव परवाना देतं. मात्र समुद्र आणि त्याला समांतर पहिला सार्वजनिक रस्ता यांच्या मधल्या भागात, किंवा समुद्रकिनाऱ्यापासून ३०० फुटांत, त्या निर्णयावर राज्याच्या कोस्टल कमिशनकडे अपील होऊ शकतं. कॅलिफोर्नियात किमान ३५ घरांच्या ज्येष्ठ वसाहतीला २० टक्के जास्त घरांची सवलत कायद्यात आहे, पण त्या सवलतीने कोस्टल अ‍ॅक्टच्या अटी सुटत नाहीत. दोन्हींचा मेळ घालावाच लागतो.

व्हेरिअन्स मागण्याआधी

व्हेरिअन्स दोन प्रकारचे. एक मापांचा: सेटबॅक, उंची, जागेचा किती भाग व्यापायचा. दुसरा वापराचा: जिथे नर्सिंग होमला परवानगीच नाही तिथे नर्सिंग होम. दुसरा मिळवणं फार कठीण. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी, परवानगी असलेल्या कुठल्याही वापरातून वाजवी परतावा मिळत नाही, हे आकडेवारीने सिद्ध करावं लागतं. शिवाय अडचण आगळी आहे, परिसराचं रूप बदलणार नाही आणि अडचण तुम्ही स्वतः ओढवून घेतलेली नाही, हेही. न्यू जर्सीत अशा व्हेरिअन्सला सात सदस्यांच्या बोर्डातली पाच मतं लागतात. वॉशिंग्टनच्या किनारा नियमांत तर वापराचा व्हेरिअन्स मुळीच देत नाहीत. तेव्हा वापरच बसत नसेल तर कंडिशनल यूज परमिट, झोन बदलण्याचा अर्ज किंवा नियोजित वसाहतीची तरतूद हे रस्ते बघा. वेळ लागतो, पण पुढे कोर्टात ते जास्त टिकतात.

अपंगत्व असलेल्या रहिवाशांसाठी फेअर हाउसिंग कायद्याखाली "वाजवी सोय" म्हणून नियम शिथिल करून मागता येतो. मेमरी केअर (स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभाल) किंवा असिस्टेड लिव्हिंगच्या रहिवाशांना हा आधार बहुधा लागू पडतो. धडधाकट साठीतल्या माणसांच्या अपार्टमेंट्सना नाही. वय म्हणजे अपंगत्व नव्हे.

आणि एक जागा अशी आहे, जिथे ज्येष्ठांच्या घरांना खरोखर वजन असतं: पार्किंग. आपल्या रहिवाशांकडे गाड्या कमी असतात. पार्किंग कमी करून मागितलं तर डांबराखाली जाणारी जमीन कमी होते, पाण्याचा निचरा सोपा होतो, आणि इमारत रेषेपासून मागे सरकवायला जागा मिळते. किनाऱ्याच्या बफरमधून सूट मागण्यापेक्षा पार्किंगमधून सूट मागणं कितीतरी सोपं. अनेक नियमावलींत तर त्यासाठी व्हेरिअन्सही लागत नाही, वाहतुकीचा अभ्यास जोडला की प्लॅनिंग खातंच ती मंजूर करतं.

अर्जात काय लिहायचं

समजा, वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या खाडीच्या काठी दीड एकराचा तुकडा आहे. समोर १०० फुटांचा बफर, मागे उभा कडा आणि त्याच्या पायथ्यापासून सोडायचं अंतर. मध्ये उरते ४० फुटांची पट्टी. त्यात इमारत बसते, पण अग्निशमनाच्या गाडीला वळायला जागा राहत नाही.

एका अर्जात लिहिलं: "आमच्या प्रदेशात ज्येष्ठांच्या घरांची तीव्र गरज आहे, आणि ६० घरांखाली हा प्रकल्प परवडत नाही." हे सगळं खरं असू शकतं, पण यातलं एकही वाक्य या जमिनीबद्दल नाही.

दुसऱ्या अर्जात लिहिलं: "शेजारच्या भूखंडांमागे कडा नाही. इथे कड्यामुळे बांधण्याजोगी पट्टी ४० फुटांची उरते. आम्ही घरांची संख्या कमी केली, पार्किंग इमारतीच्या बाजूला घेतलं, तरी गाडी वळायला एका कोपऱ्यात १२ फूट कमी पडतात. तेवढेच, त्याच कोपऱ्यात मागत आहोत. बदल्यात बफरच्या उरलेल्या भागात स्थानिक झाडं लावू." वॉशिंग्टनचे निकष नेमकं हेच विचारतात: नियमामुळे वाजवी वापर अडतो का, अडचण जमिनीच्या आकारातून किंवा निसर्गातून आली आहे का, ती अर्जदाराने निर्माण केलेली तर नाही ना, इतरांना न मिळणारा खास लाभ तर होत नाही ना, मागितलेली सूट कमीत कमी आहे का, सार्वजनिक हिताला धक्का लागतो का. शिवाय, अशीच सूट आसपासच्या सगळ्यांना दिली तर एकूण परिणाम काय होईल, हेही बघतात. या प्रत्येक प्रश्नाला एक परिच्छेद आणि प्रत्येक परिच्छेदाला एक नकाशा किंवा अहवाल जोडा.

उंचीबद्दल खास सांभाळा. वॉशिंग्टनमध्ये ३५ फुटांपेक्षा उंच इमारतीने आसपासच्या बऱ्याच घरांचं दृश्य अडत असेल तर कायद्याचा अडसर आहे. लिफ्टची खोली आणि छतावरची यंत्रं उंचीत धरतात की नाही, ते आधीच विचारून घ्या.

जमीन खरेदीचा करारही याच सुमाराला जपून करा. परवाने मिळाले तरच व्यवहार पुरा होईल, असं कलम घाला. नियम माहीत असूनही जमीन घेतली, मग अडचण तुम्हीच ओढवून घेतली, असा मुद्दा विरोधक हमखास काढतात. न्यूयॉर्कमध्ये मापांच्या व्हेरिअन्सला तेवढ्याने नकार मिळत नाही, वापराच्या व्हेरिअन्सला मात्र मिळतो.

सुनावणी

बोर्ड इथे न्यायाधीशासारखं बसतं. म्हणून सुनावणीआधी सदस्यांना खासगीत फोन करणं, भेटणं टाळा. त्याने मिळालेली मंजुरीही पुढे रद्द होऊ शकते. शेजाऱ्यांकडे मात्र जरूर जा, आणि नोटीस त्यांच्या घरी पोचण्याआधी जा. रात्री अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज किती, कामगारांच्या पाळ्या कधी बदलतात, आमच्या खिडकीतून पाणी दिसेल का, पाण्याकडे जायची पायवाट बंद होणार का: असे त्यांचे प्रश्न असतात आणि ते रास्त असतात. उंचीचे खांब किंवा फुगे लावून इमारत कुठवर येईल ते जागेवर दाखवलं, तर कागदावरच्या दहा चित्रांपेक्षा जास्त काम होतं.

जे काही सांगायचं ते नोंदीत आलं पाहिजे. अपिलात बहुतेक वेळा तीच नोंद तपासतात, नवा पुरावा घेत नाहीत. बोर्डाने नुसतं "मंजूर" म्हणून भागत नाही, कारणं लेखी हवीत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये टोपांगाच्या खटल्यात हेच सांगितलं. म्हणून निष्कर्षांचा मसुदा वकिलाकडून तयार करून अर्जाला जोडा. वकील जमीनवापराचाच हवा, घरखरेदीचे कागद करणारा चालणार नाही.

मंजुरीनंतर

मंजुरीसोबत अटी येतात, त्यात लोकांसाठी पाण्याकडे जायची वाट सोडणं ही नेहमीची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या नोलन आणि १९९४ च्या डोलन निकालांप्रमाणे अशा अटीचा प्रकल्पाच्या परिणामाशी संबंध हवा आणि ती साधारण प्रमाणात हवी. अट त्या कसोटीवर बसत असेल तर भांडू नका. सपाट, कठडा असलेली वाट तुमच्या रहिवाशांनाही लागणारच आहे.

अपिलाची मुदत संपेपर्यंत एकही झाड तोडू नका. वॉशिंग्टनमध्ये शोरलाइन्स हिअरिंग्ज बोर्डाकडे अपिलासाठी २१ दिवस असतात आणि तोवर काम सुरू करता येत नाही. तिथे परवान्यानंतर साधारण दोन वर्षांत काम सुरू आणि पाच वर्षांत पुरं व्हावं लागतं. बँकेचं कर्ज आणि राज्याचं लायसन्स या दोन्हींच्या तारखा या मुदतींशी जुळवून एकाच तक्त्यात मांडा. मुदतवाढ लागेल असं दिसलं तर अर्ज मुदत संपण्याआधी द्यावा लागतो. व्हेरिअन्स जमिनीबरोबर जातो, मालकाबरोबर नाही. म्हणून त्याची आणि अटींची नोंद काउंटीच्या दफ्तरात करून घ्या.